शिकारी कुत्र्यांची परीक्षा

परीक्षा हा शब्द आमच्या मध्यम वर्गाच्या घरांत इतका रुजलेला आहे कीं, शाळेच्या, नोकरीच्या आणि लग्नाच्या परीक्षा आटोपल्यावर घरांत परीक्षा द्यावयाची राहिलेली अशी कोणी व्यक्ति उरत नाहीं. परंतु दाराशीं बांधलेल्या कुत्र्याचीही परीक्षा घेतां येते, तिला परीक्षक असतात, नापास होण्याचीं कारणें छापलेलीं असतात, आणि तिच्यासाठीं क्लब निघून त्या क्लबांचे इतिहास लिहिले जातात, हें पुष्कळांस नवल वाटेल. आम्हांसही तें वाटलें होतें. चंद्रपुरास आमच्या घरीं कॉकर स्पॅनियल जातीचें एक पिल्लूं आलें. त्याच्या कुळाची माहिती काढतां काढतां आम्ही या परीक्षांपाशीं येऊन पोंचलों.

इंग्रज लोक या परीक्षेस ‘फील्ड ट्रायल’ म्हणतात. तिचें मूळ शोधावयाचें तर आधीं श्वानप्रदर्शनांकडे पाहावें लागतें. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें, आणि पुढें हा छंद असा फोफावला कीं, १८७३ त त्यास शिस्त लावण्याकरितां केनेल क्लब स्थापन करावा लागला. प्रदर्शनांत बक्षीस मिळतें तें रूपास. तेव्हां स्पॅनियलची पाठ लांबत गेली, पाय आंखूड होत गेले, कान जमिनीस टेकूं लागले, आणि ज्या झुडपांत शिरून त्यानें पक्षी उठवावयाचे, त्या झुडपांत शिरण्याचीच त्याची ताकद जाते कीं काय, अशी धास्ती खऱ्या शिकाऱ्यांस वाटूं लागली. पॉइंटर-सेटरांची रानांतील परीक्षा १८६५ तच बेडफर्डशायर परगण्यांत झालेली होती. स्पॅनियलांची पाळी १८९९ च्या जानेवारींत आली. स्पोर्टिंग स्पॅनियल क्लबानें डर्बीशायरांतील सटन स्कार्सडेल येथें विल्यम आर्कराइट यांच्या जमिनीवर ती भरविली. पुढें १९२४ त अमेरिकेंतही स्प्रिंगर स्पॅनियलांसाठीं अशी संस्था निघाली, आणि मग प्रांतोप्रांतीं क्लब झाले. त्या सर्वांची जंत्री येथें देण्याचें कारण नाहीं. एका क्लबाचा इतिहास वाचला कीं बाकीच्यांचा वाचल्यासारखा होतो.

नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. दोन कुत्रे एकाच वेळीं, थोडें अंतर राखून, दोन परीक्षकांच्या नजरेखालीं सोडतात. बाजूस बंदूकवाले असतात, आणि ही सारी ओळ सावकाश पुढें सरकत असते. कुत्र्यानें मालकाच्या पुढें डावी-उजवीकडे नागमोडी धांवत, वासावरून झुडपांतला पक्षी हुडकावयाचा; पण बंदुकीच्या टप्प्याबाहेर जावयाचें नाहीं. पक्षी सांपडला कीं त्यास उठवावयाचें, आणि तो फडफडत वर उठला कीं त्याच क्षणीं जागच्या जागीं बसावयाचें! शेंकडों पिढ्या ज्या क्षणासाठीं त्याचें नाक, त्याचे पाय, त्याचें काळीज घडविलें, तो क्षण समोर उभा असतां बसून राहावयाचें. बार उडतो, पक्षी पडतो. कुत्र्यानें तो कोठें पडला एवढें ध्यानांत ठेवावयाचें. हुकूम झाला म्हणजे जाऊन तो आणावयाचा व मालकाच्या हातांत द्यावयाचा. पाठलाग केला, तर बाद. भुंकला किंवा नुसता कुंईकुंई करूं लागला, तरी बाद. सरतेशेवटीं परीक्षक त्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनीं चांचपून पाहतो. त्या चुरलेल्या आढळल्या, तर कुत्र्याचें तोंड ‘कठीण’ ठरून इतर सर्व गुण व्यर्थ होतात. शिकारीच्या परीक्षेंत सर्वांत अधिक मोल जर कशास असेल तर तें न धांवण्यास व न चावण्यास आहे, हें पाहून आम्ही त्या नियमकर्त्यांस मनांतल्या मनांत नमस्कार केला. आमच्या विश्वविद्यालयांनीं एवढा कठीण पेपर अद्याप काढलेला नाहीं.

आतां ही परीक्षा चांद्याच्या रानांत आणून पाहावी. चंद्रपुराचें जुनें नांव चांदा. गडचिरोलीचा मुलूखही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होता. साहेबांच्या अमदानींत हिंवाळ्याच्या दौऱ्यावर निघालेल्या अंमलदारांच्या तळाबरोबर एखादा स्पॅनियल असे, व तलावांवर बदकें, भाताच्या बांध्यांत पाणलावे, माळावर तित्तिर अशी त्याची नोकरी चाले. परंतु क्लब काढून वर्षानुवर्षें परीक्षा भरवावी, असें हें रान नव्हे. सागवान आणि बांबू यांच्या दाटींत कुत्रा दहा पावलें गेला कीं तो परीक्षकासच काय, मालकासही दिसत नाहीं. पावसाळा सरल्यावर गवताचीं कुसळें त्याच्या लांब, केंसाळ कानांत शिरून तेथें पिकतात. गोचिडांचा ताप विलायती कुत्र्यांस फार लवकर घेऊन जातो. चंद्रपुराच्या मे महिन्याबद्दल तर लिहावयासच नको. तेथें पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर चढतो. आणि या सर्वांवर कडी म्हणजे बिबट्या! कुत्र्याचें मांस बिबट्यास किती प्रिय आहे हें जुन्या शिकाऱ्यांच्या बखरींत पानोपानीं सांपडतें. डाकबंगल्याच्या ओसरीवरून, दिवा जळत असतां, साहेबाच्या खुर्चीजवळून त्यानें कुत्रा उचलून नेल्याच्या हकीकती एकीसारख्या एक आहेत.

तथापि कुत्र्याची परीक्षा चांद्यास अगदीं अनोळखी आहे असें म्हणतां येणार नाहीं. दंतकथेवर विश्वास ठेवावयाचा तर हें गांवच अशा एका परीक्षेवर वसलें आहे. पंधराव्या शतकांतला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा हा अंगावरील गांठींनीं व फोडांनीं त्रासलेला होता. त्याची राजधानी वर्धेच्या कांठीं बल्लारपुरास. शिकारींत तहानेनें व्याकुळ झाला असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत एका खळग्यांत त्यास पाणी आढळलें. तें पिऊन, त्यांत हातपाय धुऊन तो परतला, रात्रीं गाढ झोंपला, आणि त्याचें दुखणें गेलें. अंचलेश्वराचें देऊळ तें याच जागीं. पुढें एकदां याच भागांतून घोड्यावरून जात असतां राजा पाहतो तों कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागलेला! ससा पुढें व कुत्रा मागें असा नव्हे. कुत्रा पुढें आणि ससा मागें. मोठें रिंगण घेत दोघे धांवले, मध्यें भिडले, पुन्हा सुटले, आणि अखेर कुत्र्यानें उलटून सशास मारलें. राजानें घरीं येऊन राणीस ही गोष्ट सांगितली. राणीनें सल्ला दिला कीं, ज्या वाटेनें ते धांवले त्या वाटेवर कोट बांधावा व आंत नगर वसवावें. आणि जेथें ते भिडले व जेथें ससा पडला त्या जागा धोक्याच्या समजून तेथें बुरूज अधिक बळकट करावे.

सशानें कुत्र्यास पळविल्याची गोष्ट अहमदशहाच्या अहमदाबादेसही सांगतात आणि विजयनगरासही सांगतात. तेव्हां इतिहासाच्या दरबारांत तिची किंमत फारशी होणार नाहीं, हें आम्ही जाणून आहोंत. पण त्या राणीविषयीं आम्हांस फार आदर वाटतो. सटन स्कार्सडेलच्या परीक्षकांनीं या कुत्र्यास पहिल्याच फेरींत घरीं पाठविलें असतें. राणीनें त्यास नापास केलें नाहीं. तो कोठें डगमगला तें तिनें नीट विचारून घेतलें, आणि तेवढी भिंत जाड केली. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा तो कोट आजही उभा आहे. मध्यंतरीं त्यावर झाडोरा माजला होता. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं २०१७ पासून तो साफ करण्यास आरंभ केला, आणि आतां पुष्कळ ठिकाणीं त्या कोटावरून चालत जातां येतें. दुपारीं गांवचे कुत्रे त्याच्या सांवलींत निजलेले असतात.

या गांवच्या कुत्र्याचेंही एक विद्यालय आहे, आणि तें इंग्रजी विद्यालयाच्या अगदीं उलट आहे. एटापल्ली-भामरागडकडे माडिया लोकांच्या वस्त्यांत जो कुत्रा दिसतो त्यास जातीचें नांव नाहीं, वंशावळ नाहीं. कान उभे, शेंपटी वळलेली, बरगड्या मोजून घ्याव्या. पूर्वीं पारधीस निघालेल्या गांवाबरोबर तो जाई. आतां धान पिकण्याच्या दिवसांत तो जागलीस जातो. माळ्यावर माणूस, खालीं शेकोटी, शेकोटीजवळ कुत्रा. रानडुकरांचा कळप बांधावर आला कीं त्यानें भुंकून माळ्यावरच्यास उठवावयाचें. येथें भुंकला तो पास, गप्प राहिला तो नापास. अंधारांत कोणावर भुंकावें, आणि कशाचा वास आला असतां मुकाट्यानें माणसाच्या पायाशीं सरकावें, हें ज्यास कळत नाहीं तो एखाद्या रात्रीं शेकोटीपाशीं नसतो. सकाळीं कोणी फारशी चौकशी करीत नाहीं. पुढल्या सालीं दुसरें पिल्लूं असतें.

शिकारीचे ते दिवस आतां संपले, आणि तें उचितच झालें. ताडोबाच्या रानांत १९३५ सालींच शिकारीस बंदी झाली. १९५५ त तें राष्ट्रीय उद्यान झालें, १९९५ त व्याघ्र प्रकल्प. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें तित्तिर-बदकांसारख्या लहान शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. परवान्याच्या बंदुकीच्या आठवणींनीं गहिंवरणारे वृद्ध आम्हांस भेटतात. त्यांच्या गहिंवरांत आम्ही वांटेकरी होऊं शकत नाहीं. आम्हांस सलते ती गोष्ट निराळीच आहे. बंदूक भिंतीवर टांगून ठेवतां येते; स्पॅनियल टांगून ठेवतां येत नाहीं. त्याचें काम आम्हीं काढून घेतलें, आणि तें करण्याची त्याची ओढ मात्र त्याच्याजवळच राहिली. आज तो विकत घेतला जातो तो कानांकरितां आणि डोळ्यांकरितां. म्हणजे ज्या प्रदर्शनास कंटाळून शिकाऱ्यांनीं परीक्षा काढल्या, तेथेंच तो परत येऊन पोंचला. आमच्या वस्तींतील एका गृहस्थांनीं मुलाच्या हट्टास्तव असाच एक आणला. त्यानें बाग उकरली, टिटव्यांमागें धांवून दोनदां रस्त्यावर गेला, दिवसभर कोंडला तेव्हां दाराची चौकट कुरतडली. वर्षभरानें तो ‘शेतावर दिला’ असें कळलें. कोणाच्या शेतावर, हें विचारल्यास तेथें विषय बदलतो.

आमच्या मोत्याची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. तो दीड वर्षांचा असतां आश्विनांत आम्ही त्यास मूलच्या रस्त्याकडील एका मामा तलावावर घेऊन गेलों होतों. हे माजी मालगुजारी तलाव या बाजूस गांवोगांव आहेत. पाळीवरून चालतां चालतां तो एकाएकीं लव्हाळ्यांत शिरला, आणि आम्ही हांका मारीत असतां पाण्यानें निथळत परत आला. त्याच्या तोंडांत कांहीं काळें होतें. तो आमच्यापुढें बसला, मान वर केली, आणि आम्हीं हात पुढें करीपर्यंत तसाच थांबला. हातांत आलें तें पाणकोंबडीचें पिल्लूं. ओलें झालेलें, भ्यालेलें, पण एक पीस न मोडलेलें, आणि जिवंत. त्यास हें कोणी शिकविलें नव्हतें. त्याच्या आईनें चंद्रपुराबाहेरचें रान पाहिलेलें नव्हतें. आम्हीं तें पिल्लूं जेथून आणलें त्या लव्हाळ्यांत सोडलें. मोत्या आमच्याकडे पाहत राहिला. त्याच्या दृष्टीनें त्यानें आपलें काम बिनचूक बजावलें होतें, आणि आम्ही तें परत टाकीत होतों.

त्या दिवसापासून साखळीशिवाय त्यास तलावावर नेणें बंद झालें, आणि संध्याकाळच्या मोकळ्या मैदानावरची शाळा सुरू झाली. जाड कापडाची, भुशानें भरलेली एक वळकटी हें तिचें एकमेव पाठ्यपुस्तक. वळकटी फेंकली कीं मोत्यानें बसावयाचें. ती पडल्यावर, हुकूम झाल्यावर, जाऊन आणावयाची. पहिले दोन महिने तो वळकटीच्या आधींच धांवे. तिसऱ्या महिन्यांत तो बसूं लागला, पण त्याचें सर्वांग थरथरत असे. सहाव्या महिन्यांत घरचीं मुलें ती वळकटी गवतांत लपवूं लागलीं आणि तो वासावर हुडकूं लागला. रात्रीं तो पूर्वींसारखा दारें उकरीत नाहीं.

या नाकास सरकारनेंही काम दिलें आहे. दिल्लीच्या मेट्रोंत स्फोटकें हुडकणाऱ्या श्वानपथकांत कॉकर स्पॅनियल आहेत. वाघाचीं हाडें व कातडीं हुंगून काढण्याकरितां ट्रॅफिक या संस्थेनें २००८ पासून भारतांत कुत्रे तयार करविले. ते मात्र बहुधा अल्सेशियन व बेल्जियन मॅलिनॉय जातीचे. त्यांची निवड, त्यांची तालीम आणि त्यांचा पगार या गोष्टींवर एक स्वतंत्र लेखच होईल.

बाकी कुत्र्यांस मात्र ताडोबांत प्रवेश नाहीं, व तो नसावाच. आंत कोळसून आहेत. ज्यांस रानकुत्रे म्हणून साहेबाच्या राज्यांत मारणाऱ्यास इनाम मिळे, आणि जे आतां स्वतःच दुर्मिळ झाले आहेत. घरच्या कुत्र्याचा डिस्टेंपर किंवा पिसाळरोग त्यांच्या कळपांत शिरला तर कळपच्या कळप बसावयाचा. म्हणून वर्षांतून एकदोनदां आम्ही मोहर्लीच्या फाटकांतून आंत जातों, तेव्हां मोत्या घरीं राहतो. परत आल्यावर मुलें वाघ दिसला कीं नाहीं तें सांगत असतात. तो तिकडे लक्ष देत नाहीं. तो ओसरीवर आमचे जोडे पुढें ओढून घेतो, आणि अर्धा-पाऊण तास, डोळे मिटून, ते हुंगत बसतो.