पट्टी आखली अन् आठ हजारांची चूक सापडली

आज फवारणीचं काही नाही, हिशोबाचं लिहितो.

दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा १२ क्विंटल कापूस घरात होता. जिनिंगवर मीटर लावून पाहिलं, ओलावा ११ टक्के. घरी आलेला व्यापारी ७००० रोख देत होता. सीसीआयचा २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८११० होता. मी तोंडी हिशोब केला. ओलावा ११, म्हणजे भावातून ११ टक्के कपात. राहिले ७२१८. त्यातून टेम्पो अन् हमाली मिळून २४०० गेले, की क्विंटलमागे ७०१८. इतक्यासाठी केंद्रावर लाईन कोण लावणार? दारातच माप दिलं, ८४,००० घेतले.

परवा नात अभ्यासाला बसली होती. पाचवीत आहे. गणित असं: ५०० रुपयांतून ४० रुपयांच्या ३ वह्या घेतल्या, उरले किती? पोरीने आधी आकडेमोड केलीच नाही. ५०० ची लांब पट्टी आखली, त्यात ४० चे तीन तुकडे पाडले. १२० गेले, ३८० उरले. दोन पायऱ्या, दोन्ही डोळ्यासमोर.

मी म्हटलं, माझं गणित मांड बरं. मोबाईलवर आलेला कपातीचा मेसेज तिला वाचायला दिला. तिने ओलाव्याची पट्टी आखली, ११ खणांची. मग विचारलं, "आबा, आठ टक्क्यापर्यंत पूर्ण भाव लिहिलाय. मग कापायचं कुठून?"

तिथंच माझे डोळे उघडले. ८ पर्यंत कपात नाही. त्याच्या वर १२ पर्यंत, दर टक्क्याला भावातून एक टक्का. म्हणजे माझी कपात ३ टक्के, ११ नव्हे.

पहिली पट्टी ओलाव्याची: ११ वजा ८, राहिले ३.
दुसरी पट्टी भावाची: ८११० चे ३ टक्के २४३.३०. हातात ७८६६.७०.

१२ क्विंटलचे ९४,४००. त्यातून २४०० भाडं-हमाली वजा, उरले ९२,०००. प्रत तीच धरली तर माझे ८००० गेले. यात व्यापाऱ्याने फसवलं नाही, त्याने भाव सांगितला अन् मी हो म्हटलं. पहिली पायरी मीच गाळली होती.

अजून एक. ११ चा कापूस वाळवून ८ वर आणला, तर भाव ३ टक्के वाढतो, पण वजनही जवळपास तेवढंच घटतं. त्यामुळे फार वाळवत बसण्यात कमाई नाही. मात्र १२ च्या वर असेल तर केंद्रावर घेतच नाहीत, तेव्हा ऊन द्यावंच लागतं.

दुसऱ्या वेचणीचा ५ क्विंटल घरात आहे. कपास किसान ॲपवर नोंदणी केलेली आहे. या वेळी आधी वहीत पट्टी, मग टेम्पो.

भाऊंनो, माप देण्याआधी कागदावर दोन रेघा ओढा. पाचवीच्या पोरीला जमतं ते आपल्याला जमेलच.