निळ्या खुर्च्यांमधील एक लाल खुर्ची

२०२५ च्या जून महिन्यात माझ्या भाच्याने मला अमेरिकेला बोलावले. तो शिकागोला नोकरी करतो. कारकुनाच्या पगारात असा प्रवास होत नसतो. विमानाचे तिकीट त्यानेच काढले. आपल्याकडे जसे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. शिकागो, सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी या तीन शहरांतली मैदाने मामाला दाखवायची, असा त्याचा बेत होता. शिकागोचे १९१४ साली बांधलेले रिग्ली फील्ड आम्ही दोघांनी पाहिले. सेंट लुईसचाही सामना झाला. त्याच रात्री त्याच्या ऑफिसातून फोन आला आणि त्याला परतावे लागले. "मामा, तिकिटे काढलेली आहेत. तुम्ही एकटेच जाऊन या," तो म्हणाला.

सेंट लुईसहून कॅन्सस सिटी रेल्वेने जवळजवळ सहा तास. पिशवीत बहिणीने दिलेला चिवडा होता. इंग्रजी कागदावरचे कळते; समोरचा भराभर बोलू लागला की माझी धांदल उडते. पण आमच्या वस्तीतली कामे घेऊन मी एकटा किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत! मनाशी म्हटले, हीही एक कचेरीच समजू.

सामना संध्याकाळचा होता. सकाळी मी अठरावा रस्ता आणि वाइन स्ट्रीट यांच्या चौकात गेलो. कृष्णवर्णीयांची ही जुनी पेठ. इथे नीग्रो लीग बेसबॉल संग्रहालय आहे, १९९० साली स्थापन झालेले. आत शिरताच कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी दिसते. जाळीपलीकडे छोटे मैदान आणि त्यावर खेळाडूंचे काशाचे पुतळे. लगेच तिथे जाता येत नाही. आधी सगळा इतिहास वाचत फिरायचे, मगच मैदानात पाय ठेवायचा.

तो इतिहास असा. मोठ्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ नयेत, असा लेखी नियम नव्हता. मालकांनी संगनमताने तो साठ वर्षे पाळला. म्हणून रूब फॉस्टर या माणसाने पुढाकार घेतला आणि १९२० साली याच पेठेजवळच्या वाय.एम.सी.ए. च्या इमारतीत कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांची लीग उभी केली. पुढे १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. तो त्याआधी, १९४५ साली, कॅन्सस सिटीच्याच मोनार्क्स संघातून खेळत होता.

हे वाचताना मला पळवणकर बाळू आठवले. पुण्यात ज्यांच्यासाठी ते गोलंदाजी करीत, तेच त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. लेखी नियम आपल्याकडेही नव्हताच.

संध्याकाळी कॉफमन स्टेडियमला पोहोचलो. मैदानाच्या कडेला पाण्याची मोठी कारंजी उडत होती. माझ्या शेजारची खुर्ची भाच्याची, ती रिकामी. त्यापलीकडे एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई मांडीवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने काहीतरी भरत होत्या. हिशेबाच्या वहीसारखे चौकोन पाहून माझी नजर तिथेच गेली. त्यांनी ते ओळखले. एक कोरा कागद आणि दुसरी पेन्सिल माझ्या हाती दिली आणि शिकवू लागल्या. प्रत्येक फलंदाजाला एक ओळ, प्रत्येक डावाला एक रकाना. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर इंग्रजी 'के' लिहायचा. बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच 'के' उलटा. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. असे नऊ डाव. बी.कॉम. झालेल्या माणसाला रकाने भरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या डावापर्यंत माझा कागद चोख चालला होता आणि मी एकटा आहे हे विसरलो होतो.

मग त्यांनी होम प्लेटच्या मागे बोट दाखवले. सगळ्या निळ्या खुर्च्यांत एकच खुर्ची लाल. ती बक ओनील यांची जागा. ओनील मोनार्क्सचे खेळाडू आणि व्यवस्थापक; १९६२ साली मोठ्या संघाचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले. २००६ मध्ये एका समितीने कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलमधील सतरा दिवंगतांना सन्मान-दालनात घेतले, पण ओनील यांना वगळले. चौऱ्याण्णव वर्षांचा हा माणूस तरीही समारंभाला गेला आणि त्या सतरा जणांच्या वतीने बोलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. दालनात त्यांचे नाव लागले ते २०२२ साली. २००७ पासून दर सामन्याला त्या खुर्चीवर समाजासाठी झटणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बसवतात.

त्या बाईंनी मग आपल्या कागदावर टिचकी मारली आणि जोश गिब्सनचे नाव घेतले. हा थोर फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन उतरण्याच्या तीनच महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला. अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक वर्षानुवर्षे जुळवले. मे २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले आणि हजार संधींत ३७२ फटक्यांच्या सरासरीने गिब्सन साऱ्या अमेरिकेत पहिला ठरला. मृत्यूनंतर सत्याहत्तर वर्षांनी! कुणीतरी त्या त्या दिवशी कागदावर लिहून ठेवले होते, म्हणूनच.

माझी पेन्सिल थांबली. मला आमचे आबा आठवले. १९८२ च्या संपाआधी ते एका गिरणीत बदली कामगार होते. गोलंदाजी उत्तम, पण बदलीवाल्याला गिरणीच्या संघात जागा नसे. म्हणून कुणा कायम कामगाराच्या नावावर त्यांना खेळवीत. एका सामन्यात त्यांनी आठ बळी घेतले आणि वहीत नाव दुसऱ्याचे लागले. लहानपणी हे ऐकून मला ती बढाई वाटे. "असेल, असेल," म्हणून मी उठून जात असे. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदींसाठी झगडणारा मी, बापाची नोंद मात्र केली नव्हती.

सामना यजमान हरले. बाईंनी माझा कागद तपासला, एक चूक दुरुस्त केली आणि हात मिळवला.

घरी परतल्यावर आबांसमोर वही घेऊन बसलो. आठपैकी पाच जणांची नावे त्यांना आठवली. कुणाचा त्रिफळा, कुणाचा झेल, तेही. तिघे आठवेनात, तर त्या ओळी कोऱ्या ठेवल्या. वर मोठ्या अक्षरांत गोलंदाजाचे खरे नाव लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "तारीख पण टाक." तारीख त्यांना आठवत नव्हती. मी साल टाकले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातले म्हातारे जेव्हा जुनी गोष्ट सांगू लागतात, तेव्हा उठून जाऊ नका. वही घ्या.