तीन निगेटिव्ह, एकच खटका

नानामामा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की एवढे पैसे मोजून अमेरिकेहून जुना कॅमेरा मागवलास आणि तो रंगीत फोटो काढतो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, हे कसलं वेड? मामींनी फोन मागितला आणि उत्तर राहून गेलं. तुमची उभी हयात ब्लॉकमेकिंगमध्ये गेली. या कॅमेऱ्याची गोष्ट तुम्हाला पटली नाही तर दुसऱ्या कोणाला पटायची? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कलर सेपरेशन तुम्हाला मी काय सांगणार! लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून एकामागून एक निगेटिव्ह काढायची, त्यांवरून निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या शाईचे ब्लॉक करायचे. पण तुमच्या स्टुडिओत समोर बोर्डावर कॅलेंडरचं चित्र असायचं. ते हलत नव्हतं, पापणी लववत नव्हतं. समोर जिवंत माणूस असला तर काय करायचं, हा प्रश्न युरोप-अमेरिकेतल्या फोटोग्राफरांना कित्येक वर्षं छळत होता. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९ पासून काही वर्षं देशभर हिंडून लागोपाठ तीन एक्स्पोजर घेत हजारो दृश्यं टिपली. त्यातल्या इमारती आजही थक्क करतात, पण नदीचं पाणी बघा! तीन एक्स्पोजरांच्या मधे लाट पुढे सरकली, त्यामुळे पाण्यावर लाल, हिरव्या, निळ्या रेघा उमटल्या आहेत.

माझा डेव्हिन हा वन-शॉट कॅमेरा न्यूयॉर्कचा, १९३० च्या दशकातल्या घडणीचा. खटका एकदाच दाबायचा आणि तिन्ही निगेटिव्ह त्याच क्षणी तयार. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरप्या बसवलेल्या पहिल्या आरशावर पडतो. हा आरसा थोडा प्रकाश बाजूला वळवतो, बाकीचा पुढे जाऊ देतो. दुसरा आरसाही तसंच करतो आणि उरलेला प्रकाश सरळ मागच्या फिल्मवर जातो. प्रत्येक फिल्मपुढे एक फिल्टर. लेन्सपासून तिन्ही फिल्मपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असावं लागतं, नाहीतर तिन्ही प्रतिमा एकमेकांवर बसणार नाहीत, रजिस्टर जुळणार नाही. आरशांनी वळवलेल्या प्रकाशाची दोन निगेटिव्ह उलटी असतात, ती पलटून लावायची.

खरी करामत त्या आरशांची आहे. साध्या काचेला दोन पृष्ठभाग असतात, त्यामुळे प्रत्येक रेषेशेजारी तिची फिकट सावली उमटते. म्हणून इथे काच नाहीच. चौकटीवर ताणलेला नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा आहे, त्याला पेलिकल म्हणतात. तो इतका पातळ असतो, की दोन्ही पृष्ठभागांवरची प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. त्याला बोट लागलं तर संपलंच, फुंकरही मारायची नाही. जुने वन-शॉट कॅमेरे कपाटात बसतात ते बहुतेक या पापुद्र्यापायी. तो फाटला, सैल पडला किंवा त्यावरचा मुलामा उडाला, की पितळी स्क्रू चकचकीत करून काचेमागे मांडणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला ते पाहवत नाही. पापुद्रा आजही नवीन बसवून घेता येतो, आणि हा कॅमेरा घ्यायचा असेल तर तो चालवण्यासाठीच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

का, ते सांगतो. माझ्या मुंजीचा अल्बम काढून बघा. आईची हिरवी पैठणी आता विटकरी दिसते, तुमचा चेहरा तांबूस झालाय. रंगीत कागदातले रंगच विरत गेले. आता लंडनच्या मादाम इव्हॉंड यांचं काम घ्या. १९३५ मध्ये त्यांनी तिथल्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना ग्रीक-रोमन देवतांच्या वेशात टिपलं, त्यासाठी व्हिवेक्स नावाची तीन निगेटिव्हांची पद्धत वापरली. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि व्हिवेक्सचा कारखाना बंद पडला. पण ती निगेटिव्ह राहिली. २०२१ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ती मिळवली आणि २०२३ च्या प्रदर्शनात त्यांवरून केलेल्या नव्या रंगीत प्रती लोकांनी पाहिल्या. त्या निगेटिव्हमध्ये रंग नव्हताच, होती ती चांदी. उडायला रंग हवा ना!

सिनेमातही हीच युक्ती होती. टेक्निकलरच्या मोठ्या कॅमेऱ्यात प्रिझम प्रकाश विभागायचं. ‘गॉन विथ द विंड’चं छायाचित्रण करणाऱ्या अर्नेस्ट हॅलर यांनाच सोहराब मोदींनी ‘झाँसी की रानी’साठी आणलं, तो १९५३ मध्ये आला. फोटोग्राफीत मात्र १९३६ साली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म साध्या कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली आणि जाहिरातींच्या स्टुडिओंनी आणखी काही वर्षं वापरून वन-शॉट कॅमेरे बाजूला ठेवले.

माझ्या कॅमेऱ्याला ६.५ × ९ सेंटिमीटरची शीट लागते. मोठी शीट अंधारात कापून घेतो. प्रकाश तिघांत वाटला जातो आणि फिल्टरही आपला वाटा खातात, त्यामुळे १०० आयएसओची फिल्म जेमतेम चारची समजून हिशेब करावा लागतो. आपल्याकडचं ऊन इथे उपयोगी पडतं. निळ्या फिल्टरचं निगेटिव्ह मिळमिळीत येतं, त्याला डेव्हलपरमध्ये जरा जास्त ठेवतो. तुमचे कारागीरही तसंच करत असणार. मग तिन्ही स्कॅन करून संगणकावर एकमेकांवर बसवायची.

आता एक मागणं. तुमच्या ट्रंकेत करड्या छटांची ती पट्टी असेल, ओरिजिनलच्या कडेला लावायचात ती. असेल तर जपून ठेवा. फ्रेमच्या कडेला ती असली की तिन्ही निगेटिव्हांचा तोल चटकन कळतो. आणि तुमचा नि मामींचा एक फोटो मला याच कॅमेऱ्यावर काढायचाय. सकाळी दहाच्या सुमारास, अंगणात, उन्हात. मामींनी लाल काठांची हिरवी साडी नेसावी, म्हणजे फिल्टरांची परीक्षा होईल. खटका दाबल्यावर क्षणभर न हलता बसावं लागेल. नंतर रजिस्टर मात्र तुम्हीच तपासायचं. माझी नजर अजून तेवढी तयार नाही.

कधी येऊ ते कळवा, म्हणजे आदल्या रात्री होल्डर भरून ठेवतो.

तुमचा भाचा