नाशिकचा कातळ आणि आरोहकाचे वय

प्रस्तरारोहणात उभा कातळ हातापायांच्या बळावर चढायचा असतो. दोर असतो तो पडल्यास सावरायला. नाशिककडच्या आरोहकाला हा कातळ बहुधा लहानपणीच भेटतो, पायऱ्यांच्या रूपात. आधी पांडवलेणी, मग अंजनेरी, मग हरिहर. हरिहरचा कोरीव जिना जवळजवळ उभाच आहे. पायरीच्या दोन्ही अंगांना बोटे रुतवण्यापुरत्या खोबणी आहेत. उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे लागते आणि खालची पायरी न दिसता पायाने चाचपावी लागते. पुढच्या सगळ्या चढाईचा पाया इथेच घातला जातो.

ऐन तारुण्यात त्याच हरिहर किल्ल्याचा स्कॉटिश कडा खुणावू लागतो. सुमारे १७० मीटरांचा हा कडा नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट यांनी दोन दिवसांत चढला. १९७५ साली नैर्ऋत्य भिंतीवरून एव्हरेस्ट गाठलेल्या आरोहकालाही इथे दोन दिवस लागावेत, यातच या कातळाची जात कळते.

सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. घट्ट थरात उभ्या भेगा असतात. त्यांत दोर अडकवण्याची मेख ठोकताना तिचा आवाज चढत गेला तर ती पक्की बसली. बद्द आवाज आला तर काढून दुसरी भेग शोधायची. थरांच्या सांध्यात कातळ ठिसूळ असतो, त्यावर गवत आणि घसारा. पावसाळ्यात पाणी मुरून दगड सुटतात, म्हणून प्रत्येक पकड आधी थोपटून पाहतात. ताकद असणाऱ्या पोराला हे थोपटणे वेळखाऊ वाटते. चाळिशीतला आरोहक ते कधीच टाळत नाही.

पुढे दोराचे टोक बदलते. आघाडी नव्यांकडे जाते आणि जुना आरोहक खालून दोर सांभाळतो, म्हणजे बिले देतो: दोर ढिला सोडायचा, पण पडणाऱ्याला झेलता येईल इतकाच. कुठला कडा चढायचा नाही, हेही तोच ठरवतो. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, मेलेली गुरे खाऊन, देशातली बहुतेक गिधाडे संपली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मादी हंगामात एकच अंडे घालते, आणि विणीचा काळ नेमका चढाईच्याच हिवाळ्यात सुरू होतो. घरटे असलेल्या भिंतीवर पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे उन्हाळा सरेपर्यंत, दोर लावूच नये.