पाण्यावरचा दिवा

एप्रिलच्या रात्री राजवाड्यातल्या ग्योंगह्वेरू मंडपाच्या तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. भाड्याचे हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून आलेल्या मुली, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, आणि त्या गर्दीतून कॅमेरा सावरत पुढे सरकणारी मी. वारा पडायची वाट बघत होते. पाण्यावर जराशी लहर उठली, तरी ४८ दगडी खांबांचं प्रतिबिंब विस्कटतं. अखेर वारा पडला, पण मिनिटभरही नाही. काठाच्या दगडावर कॅमेरा टेकवून तेवढ्यात तीन फोटो घेतले.

सोलमधला ग्योंगबोकगुंग राजवाडा रात्री उघडतो तो वसंतात आणि शरदात, तोही ठरावीक दिवस. दिव्यांच्या उजेडात छपरांखालची हिरवी-तांबडी नक्षी अशी उठून दिसते की हे सगळं अखंड चालत आलंय असं वाटावं. पण तसं नाही. जोसन घराण्याचा पहिला राजा तेजो याने १३९५ मध्ये हा वाडा उभारला. १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि पुढची पावणेतीनशे वर्षं तसाच ओसाड राहिला. गोजोंग राजाच्या वडिलांनी, हंगसॉन देवोनगुन यांनी, १८६७ च्या सुमारास तो पुन्हा बांधून काढला. मग जपानी राजवटीने बहुतेक इमारती पाडल्या आणि दरबाराच्या पुढ्यातच आपली दगडी कचेरी बांधली. ती पाडायला १९९५ साल उजाडलं. त्या जागेवरून मी आता चालत होते, आणि दरबार थेट समोर दिसत होता.

दरबारापुढचं अंगण मला सगळ्यांत प्रिय आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या फरश्या ओबडधोबडच ठेवल्यात. गुळगुळीत दगडावरून उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, म्हणून ही युक्ती, असं सांगतात. रात्री त्याच खडबडीतपणामुळे उजेड कुठे साचत नाही, अंगणभर मऊ पसरतो. फोटोग्राफरला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

ग्योंगह्वेरूहून उत्तरेला, ह्यांगवोनजाँग मंडपाच्या तळ्याकडे निघाले तर वाट बंद. रात्रीच्या फेरीत तो भाग नव्हता. पुढे नुसता काळोख, त्यावर बुगाकसान डोंगराची रेघ. मला फार चुटपुट लागली, कारण कोरियातला पहिला विजेचा दिवा तिथेच लागला होता. १८८७ साली गोजोंगने एडिसनच्या कंपनीकडून यंत्र मागवून गनचोंगगुंग या आपल्या निवासात दिवे लावले. यंत्राला पाणी याच तळ्याचं. म्हणून लोक त्याला मुलबुल म्हणू लागले, म्हणजे पाण्याचा विस्तव. दिवे मधेच विझत, पैसाही खात, तेव्हा उनाड दिवा हेही नाव पडलं. आठ वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८९५ च्या पहाटे, त्याच निवासात शिरून जपानी मारेकऱ्यांनी गोजोंगच्या राणीला ठार मारलं. पुढे ती इमारतही पाडली गेली. आजची २००७ मध्ये नव्याने बांधलेली आहे.

शरदात गेले तेव्हा पिवळ्याजर्द गिंको झाडाखाली फोटो काढायला रांगा लागल्या होत्या. मीही काढले, आणि मला ते आवडतात. पण मन मागच्या तळ्यातच होतं.

जानेवारीत पुन्हा गेले. हिवाळ्यात वाडा पाचला बंद होतो, म्हणून चारलाच ह्यांगवोनजाँग गाठलं. तळं गोठलेलं, मधल्या षट्कोनी मंडपावर बर्फ, आणि उत्तर काठाला जोडणारा पांढरा पूल. कोरियन युद्धात तो उद्ध्वस्त झाला. नंतरचा पूल दक्षिणेकडून बांधला होता, २०२१ मध्ये तो पुन्हा मूळच्या बाजूला आणला. राणीच्या दालनाकडे जाणारी वाट हीच. बर्फावर प्रतिबिंब नव्हतं, कुठे दिवा नव्हता. पहारेकऱ्याने हातानेच निघायची खूण केली. मी वाकून नमस्कार केला आणि शटर दाबलं. फोटो निळसर आलाय. त्यात पूल तेवढा स्पष्ट दिसतो.