तेरा नद्यांची वाट

परीक्षा आटोपून शाळांना सुटी लागली, की आमच्या खानापूर-बेळगावकडील कुटुंबांस पुण्या-मुंबईच्या नातलगांचे वेध लागतात. कोणाचा थोरला मुलगा तिकडे कारखान्यात असतो, कोणाची लेक रुग्णालयात परिचारिका असते, आणि मे महिन्यातील लग्ने तर ठरलेलीच. पूर्वी अशा वेळी मंडळी लोंढा किंवा बेळगावच्या स्थानकावर ट्रंका मांडून आगगाडीची वाट पाहत बसत. आता गावोगाव मोटारी झाल्या. ज्यांच्या घरी नाही ते भाड्याने ठरवितात. सोय झाली यात संशय नाही. परंतु आगगाडीत मुलांस उठून चार पावले टाकता येत, फेरीवाल्यांची आरोळी ऐकू येई, समोरच्या बाकावरील अनोळखी माणूस दोन गोष्टी सांगे. मोटारीत यांपैकी काहीच नाही. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर. सहा-सात तास एका जागी बसून राहणे मोठ्यांच्या जिवावर येते, तेथे आठ वर्षांच्या मुलाने काय करावे?

यावर हल्ली घरोघरी एकच तोड काढलेली दिसते. मोटार सुरू झाली, की आईने आपला मोबाइल मुलाच्या हाती द्यावा आणि सुटकेचा निःश्वास टाकावा. मूल गप्प होते, हे खरे. तथापि ते गप्प होणे म्हणजे आनंदित होणे नव्हे, हे तासाभरातच कळून येते. हातातील चित्र स्थिर आहे असे डोळे सांगतात. शरीर हलत आहे असे कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही, की डोके जड होते, तोंडाला पाणी सुटते आणि तवंदीच्या घाटात मोटार थांबवावी लागते. ‘आमच्या पोराला गाडी लागते’ अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी आधी त्याच्या मांडीवर काय आहे ते पाहावे. पुस्तक वाचणाऱ्या मुलाचीही हीच गत होते. दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस हा त्रास विशेष होतो. खिडकीतून दूरवर नजर असावी, काच थोडी उघडी असावी, पोट अगदी रिकामे नसावे आणि तळलेल्या पदार्थांनी भरलेलेही नसावे, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ निभावते. दशमी, शेंगदाण्याची चटणी, केळी, चुरमुरे हा आपल्या आज्यांचा शिदोरीचा नेम या बाबतीत फार शहाणपणाचा होता.

परंतु ‘बाहेर पाहा’ असे नुसते सांगून मूल बाहेर पाहत नाही. काय पाहावयाचे, हे कोणीतरी त्याला दाखवावे लागते. आणि ज्याने दाखवावयाचे त्याला ते स्वतःला ठाऊक असावे लागते. खरी अडचण येथेच आहे. या महामार्गावरून आपण अनेकदा गेलो असू; पण वाटेत किती नद्या लागतात, असे विचारले तर आपल्यापैकी कितीजण उत्तर देतील?

त्या तेरा आहेत. लहान ओढे-नाले यात धरलेले नाहीत. बेळगाव सोडताच काकतीजवळ मार्कंडेय, मग घटप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीपुढे यमगर्णीला वेदगंगा, कागलच्या अलीकडे दूधगंगा, कोल्हापूरला पंचगंगा, किणीच्या पुढे वारणा, कऱ्हाडला कोयना, उंब्रजला तारळी, मग उरमोडी, साताऱ्याला वेण्णा, भुईंजजवळ प्रत्यक्ष कृष्णा आणि शेवटी शिरवळची नीरा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाबरोबर आम्हांस याच वाटेने पुण्यास जाण्याचा योग आला. बाप मोटार चालवीत होता. आई, आजी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी अशी मंडळी. पहाटे साडेपाचला निघालो. वाट उत्तरेकडे जाते, म्हणून सकाळचे ऊन उजवीकडून येते. मुलीस डावीकडे बसविले आणि दुपारनंतर भावंडांनी जागा बदलावयाच्या असे ठरले. बापाने मुलाला पुढे मांडीवर घेण्याचा लाड केला नाही, हे आम्हांस फार आवडले. २०१९ साली मोटार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा त्याच्या वयाला योग्य अशी सुरक्षित बैठक हवी. नसल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाची गोष्ट सोडा. पुढच्या मोटारीने एकदम थांबा घेतला, तर मांडीवरील मुलाला बापाचे हात धरून ठेवू शकत नाहीत.

मोबाइल आईच्या पिशवीत गेला. मुलीला एक वही आणि पेन्सिल दिली आणि सांगितले, की पूल आला की नदीचे नाव लिहावयाचे; मात्र लिहिणे मोटार थांबेल तेव्हा, तोवर नावे लक्षात ठेवावयाची. मुलाने वाहनांच्या पाट्या वाचण्याचे काम आपण होऊन पत्करले. केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिकोडी, एमएच ०९ कोल्हापूर, ११ सातारा, ५० कऱ्हाड, १२ पुणे. हा खेळ मुले आपापसांत भांडल्याशिवाय खेळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवितो. पण हे भांडण खिडकीबाहेर पाहत होते, एवढा त्यात गुण आहे.

संकेश्वरपर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या मुलगा मोठ्याने वाचीत होता. शाळेत कन्नड शिकलेले पोर ते. त्याच्या आजीला ती लिपी येत नाही. महाराष्ट्रात शिरल्यावर पाट्या मराठी झाल्या आणि आजीचा चष्मा बाहेर आला. आता ती वाचू लागली आणि नातू ऐकू लागला. सीमेवरच्या लोकांस दोन लिपींचा जाच होतो असे आपण नेहमी म्हणतो. त्या मोटारीत मात्र तो जाच नव्हता. वाचण्याची पाळी तेवढी बदलली.

परंतु त्याआधी निपाणी आली होती. गाव दिसू लागताच आजी खिडकीकडे सरकली. तिचे वडील येथे तंबाखूच्या वखारीत कामाला होते, आणि ती स्वतः पाच-सहा वर्षांची असताना दोन वर्षे या गावात राहिली होती. हे तिच्या नातवंडांस ठाऊक नव्हते. तिच्या मुलासही अंधुकसेच ठाऊक होते. वखारीवरून जाताना शिंका येत, म्हणून सगळी पोरे नाकाला फडके लावून पळत सुटत, असे तिने सांगितले. सणाच्या दिवशी वडील नवे कपडे घालीत, तरी अंगाला वास तोच. “मग आई त्यांना ओरडायची?” नातीने विचारले. “ओरडत नव्हती. त्या वासावर तर घर चालत होते,” आजी म्हणाली. मग वेदगंगेचा पूल आला. या नदीवर चुलतीबरोबर धुणे धुवावयास येत असू, असे ती म्हणाली. पूल नवा, पाणी उन्हाळ्याचे. तिला काही ओळखू येईना. पण वहीत ‘वेदगंगा’ या नावापुढे नातीने नंतर ‘आजीची’ असे लिहिले, हे आम्ही पाहिले. इतकी वर्षे ही गोष्ट त्या घरात कोणी विचारली नव्हती, म्हणून कोणी सांगितलीही नव्हती.

कोल्हापूरच्या पुलावर मुलांस महापुराची हकीकत सांगावी. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी याच महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. मे महिन्यात खाली पात्राकडे पाहताना हे मुलांस खरे वाटत नाही, आणि म्हणूनच ते सांगण्यात गंमत आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही नावे पाठ करून घेण्याचा मोह मात्र आम्ही आवरला. शाळा सुटीवर होती.

दर दोन तासांनी थांबावे. केवळ मुलांसाठी नव्हे, चालकाच्या डोळ्यांसाठीही. लहान मुलींची व म्हाताऱ्या माणसांची सोय असलेला पेट्रोल पंप आधी हेरून ठेवावा, कारण संकोचाने पाणी न पिता बसलेली आजी अर्ध्या वाटेत आजारी पडते. आम्ही कऱ्हाडला महामार्ग सोडून मुद्दाम गावात गेलो. तेथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि दोघी मिळून काटकोनात वळून पूर्वेस निघतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात. काठावर बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, पोरांना धावावयास जागा आहे. तासभर गेला, पुण्याची मंडळी जेवणासाठी खोळंबली आणि फोनवर थोडी रागावली. तो तास आम्हांस महाग वाटला नाही.

संगमावर मुलाने विचारले, की आतापर्यंतच्या सगळ्या नद्या जातात कोठे? उत्तर सोपे आहे आणि मोठे सुंदर आहे. मार्कंडेय व हिरण्यकेशी घटप्रभेला मिळतात आणि घटप्रभा कृष्णेला. वेदगंगा दूधगंगेला, दूधगंगा कृष्णेला. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, कोयना येथे कऱ्हाडला. पुढच्या तारळी, उरमोडी, वेण्णा यांचीही तीच वाट. नीरा तेवढी भीमेच्या हाताने कृष्णेकडे जाते. “आणि आपली मलप्रभा?” तीही! कणकुंबीला उगवते, खानापूरवरून वाहते आणि कुडलसंगमला कृष्णेत मिसळते. ज्या पाण्यात हा मुलगा पोहावयास शिकला ते आणि ज्या पाण्यात त्याच्या आजीने लहानपणी धुणे धुतले ते, दोन्ही शेवटी एकाच पात्रातून बंगालच्या उपसागराला जाते. तो थोडा वेळ काही बोलला नाही.

साताऱ्यास कंदी पेढे घेतले. मोटारीत ते अजिबात उघडावयाचे नाहीत असा आईचा हुकूम होता, आणि तो वेण्णेच्या पुलापर्यंत पाळला गेला. मग भुईंज आले. बापाने वेग कमी करून सांगितले, “ही कृष्णा.” दोन्ही मुले खिडकीशी आली आणि दोघांचीही निराशा झाली. “एवढीशी?” सबंध दिवस जिच्याविषयी ऐकले ती पंचगंगेहूनही लहान! मुलगा तर बापावर फसवणुकीचा आरोप करू लागला. पण दोन मिनिटांनी त्याचे त्यालाच उत्तर सुचले. आपण उगमाकडे आलो आहोत, महाबळेश्वर जवळ आहे, आणि सकाळपासून ओलांडलेल्यांपैकी एकही नदी तिला अजून मिळालेली नाही. हे त्याला कोणी शिकविले नव्हते. आम्ही शिक्षणाची बरीच वर्षे पुस्तकांत घालविली आहेत. भूगोल इतका सहज डोक्यात शिरताना क्वचितच पाहिला.

पुढे खंबाटकीचा बोगदा. आत शिरल्यापासून प्रकाश दिसेपर्यंत आकडे मोजावयाचे. भावाचे आणि बहिणीचे आकडे जुळले नाहीत, पुन्हा वाद झाला. शिरवळनंतर सांगण्यासारखे थोडेच आहे. मोटारींची दाटी, कारखाने, ऊन डोळ्यांवर. मुलांस या टप्प्यात झोपू द्यावे. करमणुकीचा अतिरेक करणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. परतीचा प्रवास मात्र रात्री करू नये, मुले झोपलेली बरी असे म्हणून तर मुळीच नाही. मुलांबरोबर चालकालाही झोप येते.

पुण्यास पोहोचल्यावर मुलीने वही सर्वांस दाखविली. बारा नावे होती, त्यांपैकी दोन चुकीची लिहिलेली. तेराव्या ओळीवर फक्त आकडा होता. नीरेच्या पुलावर ती झोपली होती. परतीच्या दिवशी मोटार सुरू होण्याआधीच तिने बापास बजावून ठेविले, की पहिला पूल आला की मला उठवा.