मंदावलेली काच

माझी मोटार आतां अठरा वर्षांची झाली आहे. कळ दाबतांच तिच्या दाराची काच वर येते हें खरें. पण इतक्या सावकाश, कीं आषाढांतली सर तिच्या आधीं आंत येऊन बसते. "काचेची मोटर गेली, नवी बसवा," असें जो तो सांगे. मला मात्र हा निवाडा घाईचा वाटला.

इंजिन बंद असतां बॅटरीचा दाब बारा व्होल्टांच्या आसपास असतो. तें सुरू होतांच तो चौदाच्या घरांत जातो. तेव्हां काच जराशी चपळ झाली, पण जराशीच. मग दोन्ही बाजूंच्या रबरी खांचांत बोट फिरवून पाहिलें. रबर उन्हानें ताठरलें होतें आणि वर्षानुवर्षांची धूळ त्यांत घट्ट बसली होती. ती ओल्या फडक्यानें पुसली, खांचा वाळूं दिल्या आणि सिलिकोनचा फवारा मारला. खनिज तेल व ग्रीस येथें वर्ज्य. त्यानें रबर फुगतें आणि धूळ अधिकच चिकटते. चारसहा वेळां वरखालीं केल्यावर काच सरीच्या आधीं पोंचूं लागली.

अर्थात् कळीचे संपर्क काजळले असते, किंवा आंतली तार झिजली असती, तर दार उघडावेंच लागलें असतें. पण अडलेली मोटर विद्युत्प्रवाह जास्त ओढते, तापते आणि अखेर खरोखरच जळते. मग लोक म्हणतात, "आम्ही सांगितलेंच होतें!"

वृद्धांची चाल मंदावली, कीं त्यांचें बळ सरलें असें आपण ठरवून टाकतों. त्यांच्या वाटेंतली धूळ पुसून पाहण्याचें मात्र कोणाला सुचत नाहीं.